दवाखान्यात आणि दातांच्या उपचारांत अँटिसेप्टिक सुरक्षितपणे कसं वापरावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

त्वचेवर, जखमेवर किंवा तोंडात वापरायची अँटिसेप्टिक औषधं साधी वाटतात, म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. त्यांच्यामुळे होणारी इजा बहुतेक वेळा औषध वाईट असल्यामुळे होत नाही. औषध बरोबर असतं, पण टक्केवारी चुकलेली असते, जागा चुकलेली असते किंवा ते सुकायच्या आत पुढचं काम सुरू झालेलं असतं. खालचे प्रश्न परिचारिका, दंतवैद्यांचे सहायक, नवशिके डॉक्टर आणि घरी ड्रेसिंग किंवा गुळण्या करणारे रुग्ण यांच्याकडून नेहमी येतात.

अँटिसेप्टिक आणि फरशी पुसायचं जंतुनाशक यांत फरक काय? दोन्ही जंतूच मारतात ना?

मारतात, पण अँटिसेप्टिक जिवंत पेशींवर लावायचं असतं. फरशीचं किंवा उपकरणांचं जंतुनाशक निर्जीव पृष्ठभागासाठी बनवलेलं असतं आणि त्याची तीव्रता त्वचेला झेपत नाही. उलटी चूकही तितकीच महागात पडते. त्वचेच्या अँटिसेप्टिकमध्ये कात्री-चिमटे बुडवून ठेवले म्हणजे ते निर्जंतुक झाले, असं होत नाही. अल्कोहोल, क्लोरहेक्सिडीन किंवा सेट्रिमाइड यांनी जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली सुप्त रूपं, मरत नाहीत. उपकरणांना ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्रच लागतं.

दवाखान्यात मुख्यतः कोणती अँटिसेप्टिक असतात?

तीन. पोविडोन आयोडीन, क्लोरहेक्सिडीन आणि अल्कोहोल. अल्कोहोल सर्वांत झटपट काम करतं, पण उडून गेलं की त्याचा परिणाम संपतो. क्लोरहेक्सिडीन त्वचेला आणि तोंडातल्या आवरणाला चिकटून राहतं, त्यामुळे त्याचा परिणाम काही तास टिकतो. ऑपरेशनच्या आधी क्लोरहेक्सिडीन आणि अल्कोहोल एकत्र असलेलं द्रावण पसंत केलं जातं ते याचसाठी: एक लगेच मारतं, दुसरं पहारा देत राहतं. पोविडोन आयोडीनचा आवाका सर्वांत मोठा आहे. जिवाणू, बुरशी, अनेक विषाणू त्यात येतात. मात्र रक्त आणि पू यांच्या संपर्कात त्यातलं आयोडीन खर्च होऊन जातं. दंतवैद्याकडे यांच्या जोडीला सोडियम हायपोक्लोराइट असतं, पण ते फक्त दाताच्या मुळाच्या नलिकेत वापरायचं. ते त्वचेवर किंवा हिरडीवर लावायचं औषध नव्हे.

लेबलवरची टक्केवारी कशी वाचायची?

निम्म्या चुका इथेच होतात. एकाच औषधाच्या चार बाटल्या चार वेगळ्या कामांसाठी असतात. पोविडोन आयोडीनचं १० टक्के द्रावण त्वचेसाठी, ७.५ टक्क्यांचं फेसाळणारं स्क्रब हात धुण्यासाठी, ५ टक्क्यांचं डोळ्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि १ टक्क्याचं गुळण्यांसाठी. स्क्रबमध्ये साबणासारखे पदार्थ असतात, म्हणून ते जखमेत किंवा डोळ्याजवळ चालत नाही, जरी त्यातलं आयोडीन साध्या द्रावणापेक्षा कमी असलं तरी. १० टक्के पोविडोन आयोडीन म्हणजे १० टक्के आयोडीन नाही हेही लक्षात असू द्या. उपलब्ध आयोडीन त्याच्या दहाव्या हिश्शाइतकं, म्हणजे साधारण १ टक्का असतं.

क्लोरहेक्सिडीनचंही तसंच. ०.१२ किंवा ०.२ टक्के तोंडासाठी, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये २ टक्के त्वचेसाठी, ४ टक्क्यांचं स्क्रब हातांसाठी. शिवाय २० टक्क्यांचं घट्ट द्रावण मिळतं, ते केवळ पातळ करण्यासाठी. २० टक्क्यांपासून ०.२ टक्के करायचं तर १०० पट पातळ करायचं: १० मिली घट्ट द्रावण मोजायचं आणि एकूण १,००० मिली होईपर्यंत पाणी घालायचं. १० मिलीत १,००० मिली पाणी ओतायचं नाही. फरक थोडा दिसतो, पण मोजमापाची सवय बिघडते आणि पुढे ज्या औषधात फरक पडतो तिथे ती भोवते.

पातळ करायला निर्जंतुक किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. क्लोरहेक्सिडीनमध्ये सलाईन ओतू नये, कारण क्लोराइडशी जमून त्याचा पांढरा गाळ बसतो आणि औषधाचा जोर खाली बसलेल्या गाळात अडकतो. जड पाण्यातले सल्फेटही तेच करतात. शक्य असेल तिथे तयार टक्केवारीची बाटलीच घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

जास्त तीव्र म्हणजे जास्त परिणामकारक, नाही का?

नाही. अल्कोहोलचं उदाहरण घ्या. ७० टक्के अल्कोहोल शुद्ध अल्कोहोलपेक्षा चांगलं काम करतं, कारण जंतूंची प्रथिनं साकळायला पाणी लागतं. शिवाय पाण्यामुळे ते जरा सावकाश उडतं आणि त्वचेवर जास्त वेळ राहतं. पोविडोन आयोडीन पातळ केल्यावर एका मर्यादेपर्यंत जास्त जलद मारतं, कारण आयोडीनला धरून ठेवणाऱ्या पोविडोन या पॉलिमरच्या (लांब साखळीच्या रेणूच्या) पकडीतून जास्त आयोडीन मोकळं होतं. ही मर्यादा ओलांडली की मात्र साठाच इतका कमी होतो की थोड्याशा रक्तानेही तो संपतो. म्हणून अंदाजाने पाणी घालायचं नाही.

ऑपरेशन किंवा छोट्या प्रक्रियेआधी त्वचा कशी तयार करायची?

आधी त्वचा स्वच्छ हवी. मळ, तेलकटपणा, वाळलेलं रक्त, मलमाचे अवशेष यांवर अँटिसेप्टिक लावणं म्हणजे धुळीवर रंग देणं. साबण-पाण्याने धुवा आणि साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, कारण नेहमीच्या साबणातले ऋण भाराचे घटक क्लोरहेक्सिडीनला निष्प्रभ करतात. मग कोरडं करा. केस अडथळा करत असतील तर क्लिपरने कापा; वस्तऱ्याने त्वचेवर बारीक चिरा पडतात आणि त्यात जंतू वाढतात.

क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोल असेल तर हात, पोट अशा कोरड्या भागावर ३० सेकंद मागे-पुढे घासत लावायचं आणि किमान ३० सेकंद सुकू द्यायचं. जांघेसारख्या ओलसर, घडीच्या भागावर २ मिनिटं घासायचं आणि किमान १ मिनिट सुकवायचं. हे आकडे इंजेक्शन, रक्त घेणं, सलाईनची सुई अशा कामांसाठी आहेत. कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापणारं किंवा रक्त थांबवणारं उपकरण) किंवा लेझर वापरणार असाल तर सुकवण्याचा वेळ वेगळा आहे, तो पुढच्या उत्तरात पाहा. मध्यापासून बाहेर जाणारी गोल वळणं पोविडोन आयोडीनसाठी अजूनही शिकवली जातात. क्लोरहेक्सिडीनसाठी मागे-पुढे घासणं चांगलं, कारण घर्षणाने औषध त्वचेच्या वरच्या थरांच्या फटींत शिरतं. पद्धत कुठलीही असो, कडेला गेलेला बोळा पुन्हा मध्यावर आणायचा नाही. बेंबी, उघडा व्रण, गुदद्वाराजवळचा भाग हे सगळ्यात शेवटी, वेगळ्या बोळ्याने. बेंबीतला मळ आधी काढून घ्यावा लागतो, नाहीतर औषध त्याच्यावर नुसतं साचतं.

पोविडोन आयोडीन लावलं तर साधारण २ मिनिटं थांबायचं. त्याचा परिणाम सुकताना होतो. घाईत ते गॉजने टिपून घेतलं की औषध गेलं आणि तपकिरी रंग तेवढा उरला. तो रंग डोळ्यांना समाधान देतो, एवढंच.

अंगाखाली ओघळलेलं औषध हा दुर्लक्षित धोका आहे. पाठीखाली, नितंबांखाली किंवा दंडाला बांधलेल्या, रक्तप्रवाह रोखणाऱ्या टूर्निकेटच्या पट्ट्याखाली द्रावण साचून तास-दोन तास ओलं राहिलं तर रासायनिक भाजणं होतं. ऑपरेशन संपल्यावर त्या जागी लालसर, चकाकणारा, कधी फोडांचा पट्टा दिसतो आणि तो कॉटरीमुळे झाला असं वाटून घेतलं जातं. बाजूला टिपकागदासारखे कोरडे पॅड ठेवा आणि ड्रेप (ऑपरेशनची जागा सोडून बाकी अंग झाकणारी चादर) घालायच्या आधी ते काढून घ्या. भिजलेले पॅड तिथेच विसरले तर उपाय उलट अपायकारक ठरतो.

सुकेपर्यंत थांबलंच पाहिजे का? वेळ वाचवायला कोरड्या कापसाने पुसलं तर?

थांबलंच पाहिजे, आणि पुसायचं नाही. कारणं दोन. एक म्हणजे जंतू मरायला तो वेळ लागतो. दुसरं कारण आगीचं. अल्कोहोल असलेलं द्रावण ज्वलनशील असतं. त्याची वाफ ड्रेपखाली साठते, कॉटरीची ठिणगी पडते आणि आसपास ऑक्सिजन जास्त असला तर भडका उडतो. कॉटरी किंवा लेझर वापरणार असाल तर केस नसलेल्या त्वचेवर किमान ३ मिनिटं थांबावं. केसांत हेच द्रावण सुकायला एक तासापर्यंतही लागू शकतो, म्हणून डोक्यावर आणि चेहऱ्यावर मोठ्या क्षमतेचा, औषध आतच भरलेला अ‍ॅप्लिकेटर वापरत नाहीत. अल्कोहोलची ज्योत जवळजवळ निळसर-पारदर्शक असते, ऑपरेशन थिएटरच्या झगझगीत प्रकाशात ती दिसतच नाही. ड्रेप तपकिरी होऊ लागतो तेव्हा कळतं.

साधं इंजेक्शन किंवा लस देताना स्पिरिट लावणं गरजेचं आहे का?

त्वचा दिसायला स्वच्छ असेल तर लसीसाठी साबण-पाण्याने धुतलेली त्वचा पुरते. शिरेतून रक्त घेताना किंवा सलाईन लावताना मात्र ६० ते ७० टक्के अल्कोहोलने ३० सेकंद पुसून ३० सेकंद सुकू द्या. ओल्या त्वचेत सुई घातली तर जास्त झोंबतं, एवढंच नाही. अल्कोहोल सुईबरोबर आत जातं.

बरणीत कापसाचे बोळे स्पिरिटमध्ये भिजवून ठेवण्याची सवय सोडून द्या. बरणी वारंवार उघडते, त्यात बोटं जातात, अल्कोहोल उडून पातळ होतं आणि भिजलेला कापूसच जंतूंचं घर बनतो. बोळा वापरायच्या वेळी भिजवा, किंवा एकेक सीलबंद स्वॅब वापरा. औषधाच्या कुपीचं रबरी बूच आणि सलाईनच्या नळीचं तोंड हेही घासून पुसायचं असतं, ५ ते १५ सेकंद तरी. नुसता स्पर्श पुरत नाही.

कुठल्या जागी कुठलं अँटिसेप्टिक लावायचंच नाही?

क्लोरहेक्सिडीन डोळ्यात, मधल्या कानात आणि मेंदू-मज्जारज्जूच्या आवरणाजवळ जाऊ द्यायचं नाही. डोळ्यात त्याने पारपटल कायमचं धूसर होऊ शकतं. कानाचा पडदा फाटलेला असेल आणि द्रावण मधल्या कानात गेलं तर बहिरेपण येऊ शकतं. पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर असं घडल्याच्या नोंदी १९७१ पासून आहेत. चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेआधी म्हणून पोविडोन आयोडीन पसंत करतात, आणि डोळ्यासाठी त्याचं ५ टक्क्यांचं द्रावण ३ मिनिटं ठेवून सलाईनने धुऊन टाकतात. १० टक्क्यांचं डोळ्यात घालायचं नाही, आणि ७.५ टक्क्यांचं स्क्रब तर मुळीच नाही.

नवजात बाळाच्या नाळेला लावायचं ७.१ टक्के क्लोरहेक्सिडीन डायग्लुकोनेट छोट्या बाटलीत किंवा ट्यूबमध्ये येतं आणि डोळ्याच्या थेंबांसारखं दिसतं. आफ्रिकेतल्या काही देशांत ते बाळांच्या डोळ्यांत घातलं गेलं आणि डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. घरी दोन्ही औषधं असतील तर ती एका ठिकाणी ठेवू नका.

ट्रेवरच्या वाट्यांना लेबल कशाला? आम्हाला माहीत असतं कशात काय आहे.

ट्रेवर स्टीलच्या दोन वाट्या, दोन्हींत पाण्यासारखं पारदर्शक काहीतरी. एकात सलाईन, दुसऱ्यात क्लोरहेक्सिडीन. सहायक बदलला, वाटी जराशी सरकली आणि सिरिंज भरली ती भलत्याच वाटीतून. अशा अदलाबदलीतून पाठीच्या कण्यात किंवा रक्तवाहिनीत क्लोरहेक्सिडीन टोचलं गेलं आहे आणि रुग्णांना कायमचं अपंगत्व आलं आहे, मृत्यूही झाले आहेत. तेव्हा प्रत्येक वाटीला आणि सिरिंजला ओतण्याच्या क्षणी लेबल, आधी नाही आणि नंतर नाही. रंग घातलेलं क्लोरहेक्सिडीन मिळतं, ते घ्या. त्याहून चांगलं म्हणजे त्वचेचं औषध वाटीत ओतायचंच नाही, अ‍ॅप्लिकेटर वापरायचा, आणि टोचायची औषधं ट्रेवर यायच्या आधी त्वचा तयार करून ते सगळं सामान बाहेर काढायचं. दातांच्या खुर्चीवर हाच नियम भुलीच्या सिरिंजला आणि हायपोक्लोराइटच्या सिरिंजला लागू आहे.

उघड्या जखमेत रोज अँटिसेप्टिक ओतावं का?

बहुतेक जखमांना त्याची गरज नसते. जखम भरून आणणाऱ्या पेशींनाही ही औषधं मारतात. ताज्या जखमेचा खरा उपाय म्हणजे भरपूर पाणी: पिण्यायोग्य नळाचं पाणी किंवा सलाईन. ढोबळ नियम असा की जखमेच्या दर सेंटिमीटर लांबीला ५० ते १०० मिली. ३५ मिलीच्या सिरिंजला १९ गेजची सुई लावून दाबलं की साधारण ८ पीएसआयचा (पौंड प्रति चौरस इंच) दाब मिळतो. त्याने माती-कण निघतात आणि पेशी फाटत नाहीत. आजूबाजूच्या त्वचेला अँटिसेप्टिक लावा. जखमेत लावायचंच असेल, म्हणजे ती मळलेली किंवा संसर्ग झालेली असेल, तर पातळ पोविडोन आयोडीन थोडे दिवस, आणि जखम स्वच्छ लाल दिसू लागली की बंद. अल्कोहोल कधीच नाही.

भाजलेल्या जागी आधी २० मिनिटं वाहतं थंड पाणी. अँटिसेप्टिकची घाई नको.

हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येतो, म्हणजे ते काम करतंय ना?

तो फेस म्हणजे रक्तातल्या आणि पेशींतल्या कॅटलेज या विकराने पेरॉक्साइड फोडल्याचा पुरावा. जंतू नसले तरी फेस येतोच. ३ टक्क्यांच्या द्रावणाच्या १ मिलीतून सुमारे १० मिली ऑक्सिजन सुटतो. खोल, अरुंद तोंडाच्या जखमेत किंवा बंद पोकळीत ते दाबाने सोडलं तर हा वायू रक्तवाहिन्यांत शिरू शकतो, आणि वायूचा बुडबुडा हृदयात पोचला तर जिवावर बेततं. वाळलेलं रक्त सैल करायला पृष्ठभागावर एकदा लावायला हरकत नाही.

अँटिसेप्टिकची अ‍ॅलर्जी इतकी गंभीर असू शकते का?

क्लोरहेक्सिडीनची असू शकते. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये त्याच्यामुळे होणाऱ्या क्वचित पण जीवघेण्या प्रतिक्रियेबद्दल, म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिसबद्दल इशारा दिला. ब्रिटनच्या नियामकाने २०१२ मध्येच दिला होता. ब्रिटनमध्ये दाढ काढल्यावरचा खड्डा क्लोरहेक्सिडीनने धुताना दोन रुग्ण दगावले. फसवणूक अशी की ते अनपेक्षित ठिकाणी असतं: लघवीची नळी घालताना वापरायच्या भुलीच्या जेलमध्ये, काही सेंट्रल लाइनच्या (मोठ्या शिरेत घालायच्या नळीच्या) लेपात, ओल्या पुसण्यांत, माउथवॉशमध्ये. ऑपरेशनच्या वेळी अचानक रक्तदाब कोसळला की संशय प्रतिजैविकावर किंवा स्नायू शिथिल करणाऱ्या औषधावर जातो, आणि दहा मिनिटांपूर्वी घातलेली नळी कोणाच्या डोक्यात येत नाही.

म्हणून विचारताना "औषधाची अ‍ॅलर्जी आहे का?" एवढ्यावर थांबू नका. "माउथवॉश वापरल्यावर, ड्रेसिंगनंतर किंवा नळी घातल्यावर कधी खाज, पुरळ, सूज, चक्कर आली होती का?" असं विचारा. आधीची सौम्य खाज ही पुढच्या मोठ्या प्रतिक्रियेची सूचना असू शकते. संशय असेल तर त्वचेची प्रिक चाचणी (त्वचेवर औषधाचा थेंब ठेवून हलकेच टोचणं) करता येते आणि रक्तातली विशिष्ट आयजीई (त्या औषधाविरुद्धची प्रतिपिंडं) तपासता येते. प्रत्यक्ष अ‍ॅनाफिलॅक्सिस झाल्यास प्रौढ माणसाला मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अ‍ॅड्रिनलिन ०.५ मिलीग्रॅम, म्हणजे १:१००० चं ०.५ मिली द्यायचं; दातांच्या दवाखान्यातही ते हाताशी हवं.

मासे-कोळंबीची अ‍ॅलर्जी असलेल्याला पोविडोन आयोडीन चालतं का?

चालतं. ती अ‍ॅलर्जी त्यातल्या प्रथिनांची असते, आयोडीनची नव्हे. पोविडोन आयोडीननेच पूर्वी त्रास झाला असेल तर मात्र टाळा.

बाळं, गरोदर स्त्रिया, थायरॉइडचे रुग्ण यांच्यासाठी काय काळजी घ्यायची?

आयोडीन त्वचेतून आणि त्याहून जास्त ओल्या आवरणातून व जखमेतून रक्तात जातं. नवजात, विशेषतः मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांत त्याने थायरॉइडचं काम मंदावू शकतं. गरोदरपणात आणि स्तनपानाच्या काळात एखाद-दुसऱ्या वेळी छोट्या जागी लावणं वेगळं आणि आठवडे-आठवडे मोठ्या जखमेवर लावणं वेगळं, दुसरं टाळावं. थायरॉइडचा आजार, मूत्रपिंड निकामी होणं, मोठ्या भागावर भाजणं या स्थितींतही तेच. किरणोत्सारी आयोडीनचा उपचार ठरला असेल तर त्याआधी काही आठवडे पोविडोन आयोडीन नको, नाहीतर ग्रंथी आधीच भरलेली असते आणि उपचार वाया जातो.

मुदतपूर्व बाळाची त्वचा ओल्या कागदासारखी असते. अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन तिथे साचलं तर रासायनिक भाजणं होतं. लागेल तितकंच कमीत कमी घ्यायचं, साचू द्यायचं नाही, भिजलेली दुपटी लगेच बदलायची.

क्लोरहेक्सिडीन माउथवॉश किती घ्यायचं आणि किती दिवस?

०.२ टक्के असेल तर १० मिली, १ मिनिट, दिवसातून दोनदा. ०.१२ टक्के असेल तर १५ मिली, ३० सेकंद, दिवसातून दोनदा. दोन्हींत औषधाची मात्रा जवळजवळ सारखीच पडते, २० आणि १८ मिलीग्रॅम. तोंडात खळखळवून थुंकून टाकायचं, गिळायचं नाही आणि लगेच पाण्याने चूळ भरायची नाही, नाहीतर चिकटलेलं औषध निघून जातं. त्याची कडवट चव रेंगाळते म्हणून लोक चूळ भरतात. जेवणानंतर घेतलं तर चवीचा त्रास कमी होतो.

साधारण दोन ते चार आठवडे, दंतवैद्याने सांगितले तितकेच दिवस. पुढे दातांवर, जिभेवर आणि भरलेल्या सिमेंटच्या कडांवर तपकिरी डाग पडतात, टार्टर (दातांवरचा कडक थर) वाढतं, चव बदलते. चहा-कॉफी आणि रंगीत पेयांमुळे डाग गडद होतात. नैसर्गिक दातांवरचे डाग पॉलिशने निघतात, खडबडीत फिलिंगवरचे सहजी निघत नाहीत. आणि हे ब्रशला पर्याय नाही: आधीच जमलेल्या प्लाकच्या, म्हणजे जंतूंच्या चिकट थरात ते फार खोल जात नाही.

टूथपेस्टनंतर लगेच माउथवॉश घेतलं तर?

बहुतेक टूथपेस्टमध्ये सोडियम लॉरिल सल्फेट असतं. ते क्लोरहेक्सिडीनला बांधून ठेवतं. मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्या, शक्य तर जास्तच. सोपा मार्ग म्हणजे माउथवॉश आणि ब्रश यांच्या वेळाच वेगळ्या ठेवणं.

आयोडीनच्या गुळण्या?

१ टक्क्याचं द्रावण जसंच्या तसं किंवा तितकंच कोमट पाणी मिसळून, एका वेळी १० मिलीपर्यंत, ३० सेकंद, दिवसातून चार वेळांपर्यंत. सलग १४ दिवसांपेक्षा जास्त नाही. ६ वर्षांखालच्या मुलांना नको.

दाढ काढल्यावर अँटिसेप्टिकने चूळ कधी भरायची?

पहिले २४ तास कुठलीच चूळ नाही. खड्ड्यातली रक्ताची गुठळी हीच खरी पट्टी. ती धुऊन निघाली की हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत जाणारी ठणक सुरू होते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळूच, डोकं कलवून. क्लोरहेक्सिडीन दिलं असेल तर तेही तसंच, जोर न लावता. ठणक लागलीच तर घरी सिरिंजने खड्डा धुऊ नका. दवाखान्यात तो सलाईनने धुतात.

रूट कॅनलमध्ये हायपोक्लोराइट कसं वापरायचं म्हणजे अपघात होणार नाही?

नलिकेतलं मेलेलं मांस विरघळवणारं दुसरं तितकं चांगलं औषध नाही, आणि तेच त्याच्या धोक्याचं कारणही आहे: मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर ते जिवंत ऊतीही तसंच विरघळवतं. ०.५ ते सुमारे ६ टक्क्यांपर्यंत वापरतात. पहिलं महायुद्ध सुरू असताना जखमा धुण्यासाठी वापरलेलं डेकिनचं हायपोक्लोराइट द्रावण ०.५ टक्क्याचं होतं.

रबर डॅम, म्हणजे दात वेगळा ठेवणारा रबराचा पडदा, आधी. त्याच्या कडेने गळती नाही ना हे बघून मगच. रुग्णाला चष्मा आणि लांब एप्रन. सिरिंज लूअर-लॉकची, म्हणजे सुई दाबाने उडणार नाही. सुई २७ ते ३० गेजची, टोक बंद आणि बाजूला छिद्र असलेली. सुईवर रबरी स्टॉपर लावून ती नलिकेच्या कार्यलांबीपेक्षा (मुळाच्या टोकापर्यंत मोजलेल्या कामाच्या लांबीपेक्षा) किमान २ मिमी कमी ठेवायची. सुई नलिकेत अडकता कामा नये. ती सतत वर-खाली हलती ठेवायची आणि दट्ट्या अंगठ्याऐवजी तर्जनीने हळू दाबायचा, कारण अंगठ्याचा जोर नकळत वाढतो. मुळाचं टोक उघडं असलेला कोवळा दात, मुळाला पडलेलं छिद्र, वरच्या दाढांची सायनसला लागून असलेली मुळं, इथे विशेष सावधगिरी आणि कमी टक्केवारी.

अपघात झाला की कळायला वेळ लागत नाही. भूल असूनही अचानक तीव्र वेदना, काही मिनिटांत गालाला सूज, नलिकेतून भरभरून रक्त. लगेच थांबा. रुग्णाला काय झालंय ते सांगा. भूल द्या, रक्त वाहू द्या, नलिका सलाईनने हलकेच धुवा. पहिल्या दिवशी बाहेरून थंड शेक, नंतर कोमट. वेदनाशामक द्या, रोज फोन करा किंवा बघा. सूज डोळ्याकडे किंवा गळ्याखाली सरकू लागली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर तत्काळ रुग्णालय.

हायपोक्लोराइटनंतर लगेच क्लोरहेक्सिडीन वापरता येतं का?

थेट नाही. दोन्ही भेटले की केशरी-तपकिरी गाळ तयार होतो, तो दाताला रंगवतो आणि बारीक नलिका बुजवतो. मध्ये सलाईन किंवा डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुवा आणि पेपर पॉइंटने (कागदाच्या बारीक शोषक काडीने) कोरडं करा. नलिका धुण्याच्या ईडीटीए या दुसऱ्या द्रावणाबरोबर क्लोरहेक्सिडीनचा पांढरा गाळ बसतो. धोबीखान्यातही हीच रसायनं भेटतात: क्लोरहेक्सिडीन लागलेल्या चादरी ब्लीचमध्ये टाकल्या की कायमचे तपकिरी डाग पडतात. आणि हायपोक्लोराइट आम्लाबरोबर कधीच नाही, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

उघडलेली बाटली किती दिवस वापरावी?

लेबल सांगेल तितके. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहा. ऑपरेशनसाठी शक्यतो एकदाच वापरायची पाकिटं घ्या. अँटिसेप्टिकमध्ये जंतू वाढू शकत नाहीत हा गैरसमज आहे. बर्कहोल्डेरिया आणि स्यूडोमोनास गटातले जिवाणू पोविडोन आयोडीनमध्ये आणि पातळ केलेल्या द्रावणांत तग धरून राहिले आहेत, आणि त्यातून रुग्णांना संसर्ग झाले आहेत. संपत आलेल्या बाटलीत नवीन औषध ओतून भरणं सगळ्यात वाईट: तळातले जुने जंतू नव्या औषधाला सरावतात. पातळ केलेलं द्रावण २४ तासांत फेकून द्या. हायपोक्लोराइट ऊन आणि उष्णतेने दुबळं होतं. अपारदर्शक बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवा.

डोळ्यात उडालं किंवा गिळलं गेलं तर?

डोळा ताबडतोब वाहत्या पाण्याने किंवा सलाईनने धुवा, पापण्या उघड्या धरून, किमान १५ मिनिटं. लेन्स असेल तर काढा, पण ती निघत नाही म्हणून धुणं थांबवू नका. मग नेत्रतज्ज्ञ. माउथवॉशचा एखादा घोट पोटात गेला तर बहुधा मळमळण्यापलीकडे काही होत नाही. घट्ट द्रावण, स्पिरिट किंवा हायपोक्लोराइट गिळलं असेल तर उलटी करवू नका, बाटली बरोबर घेऊन रुग्णालयात जा. टक्केवारी लेबलवरून कळते आणि उपचार तिच्यावर ठरतात.